कोपराखाली हात गेलेल्या शेतकऱ्यासाठी पहिला कृत्रिम हात कोणता? सल्ला हवा

मृद्गंध:
नमस्कार. जिल्हा रुग्णालयातल्या ऑक्युपेशनल थेरपी विभागासाठी विचारते आहे. रुग्ण पुरुष, वय 34, उजवा हात कडबाकुट्टीत गेला. शस्त्रक्रियेला 5 आठवडे झाले, जखम पूर्ण भरली आहे. कोपराच्या टोकापासून स्टंप (उरलेला हात) 15 सेंमी. कोपर नीट वाकतो, पण सरळ करताना शेवटचे 10 अंश अडतात. स्टंपच्या टोकाला सूज आहे. रात्री गेलेल्या बोटांत मूठ गच्च आवळल्यासारखी कळ येते. दोन म्हशी, थोडा ऊस आणि मोटरसायकल, हे त्याचं रोजचं.

एका कंपनीच्या सामाजिक निधीतून मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे स्नायूंच्या सिग्नलवर चालणारा विजेचा हात, मिळू शकतो. दुसरीकडे केबलवर चालणारा हुक आहे. घरच्यांचा ओढा पाच बोटांच्या हाताकडे आहे. काय निवडावं, आणि निवडण्याआधी काय काय करून घ्यावं?

सॉकेट_कारागीर:
ताई, हुक की मायो हे आज ठरवू नका, पण सॉकेट (स्टंपवर चढणारं कवच) मात्र याच आठवड्यात बसवा, तात्पुरतं. पहिल्या महिन्याभरात काही ना काही हातात बसलं तर माणूस तो हात वापरत राहतो, हे 1984 सालापासून मांडलं जातंय, आणि तुमचे 5 आठवडे आधीच गेले आहेत. उशीर झाला की डावा हात सगळी कामं एकट्याने उरकायला शिकतो. मग उजवीकडचं ओझं कशाला, असं वाटू लागतं.

कायमच्या सॉकेटचं माप मात्र आत्ता घेऊ नका. सूज उतरली की तेच सॉकेट सैल होतं. तात्पुरत्या सॉकेटमध्ये स्टंपचे मोजे वाढवून निभावता येतं, मायोच्या सॉकेटमध्ये नाही. तिथे स्नायूंचा सिग्नल टिपणारा इलेक्ट्रोड थेट कातडीला टेकावा लागतो, मोजा घालायची सोयच नसते.

सुजेसाठी 10 सेंमी रुंद क्रेप बँडेज, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तिरपं गुंडाळायचं. टोकाला घट्ट, वर येताना सैल, आणि शेवट कोपराच्या वर. दर 4 तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. आडवे वेढे घेतले किंवा वरचा वेढा घट्ट बसला तर रक्त खाली अडकतं आणि टोक कांद्यासारखं फुगतं. एका हाताने नीट बांधता येत नाही, म्हणून घरातल्या एकाला शिकवा. कोपराच्या टोकापासून 5, 10 आणि 14 सेंमीवर पेनाने खुणा करून रोज सकाळी घेर लिहून ठेवा. दोन आठवडे आकडे हलले नाहीत की कायमचं माप घ्यायला हरकत नाही.

हातोपचार:
कोपराचे ते 10 अंश आत्ताच मिळवा, पुढे फार कठीण जातं. स्टंप उशीवर वाकवून ठेवायची सवय लागलेली असते, ती आधी मोडा. शिवाय पालथा-उताणा फिरवायचा व्यायाम घ्या. 15 सेंमी स्टंपमध्ये ही हालचाल बरीच शिल्लक असते. सॉकेटची वरची कड कोपरावर घट्ट चढवली की ती मारली जाते, तेव्हा माप घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

कळेसाठी आरसा. छातीसमोर उभा आरसा, स्टंप मागे, डावा हात पुढे. आरशात बघत डावी मूठ अगदी सावकाश उघडायची आणि त्याच वेळी मनाने उजवीही उघडायची. रोज 15 मिनिटं, निदान 4 आठवडे. ही पद्धत रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात मांडली. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण खर्च एका आरशाचा आहे. आरशात बघून कळ वाढली तर थांबा. आधी नुसत्या कल्पनेत हालचाल करायला लावा आणि मग आरशाकडे या.

एका ठराविक जागी टिचकी मारल्यावर विजेसारखी सणक येत असेल तर ती फँटमची (गेलेल्या हातात जाणवणारी) कळ नाही, नसेच्या टोकाची गाठ असू शकते. ती जागा सॉकेटच्या दाबाखाली येता कामा नये. कातडी सरावायला आधी कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात स्टंप फिरवणं, प्रत्येकी 5 मिनिटं, दिवसातून 3 वेळा.

उजवा हातच मुख्य होता, म्हणून डाव्या हाताने सही, जेवण आणि बटणं हे शिक्षण कृत्रिम हाताची वाट न बघता सुरू करा. कुठलाही कृत्रिम हात आला तरी तो मदतनीसच राहणार आहे. हे घरच्यांना आजच स्पष्ट सांगितलं नाही, तर हात आल्यावर त्यांची निराशा होते.

ईएमजी_बाक:
संशोधनाच्या बाजूने थोडं. 2007 मध्ये बिडिस आणि चाऊ यांनी 25 वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. हात वापरणं सोडून देणाऱ्यांचं सरासरी प्रमाण प्रौढांमध्ये केबलच्या हाताला 26 टक्के आणि विजेच्या हाताला 23 टक्के निघालं. मुलांमध्ये ते 45 आणि 35 होतं. प्रौढांमधला फरक किती थोडा आहे बघा. महाग हात दिला म्हणजे वापरला जाईल, या समजुतीला त्यात आधार नाही.

तरी मायो बाद करू नका, तपासून बघा. कोपराखालच्या स्नायूंवर हात ठेवा आणि रुग्णाला सांगा, "गेलेला पंजा मनगटातून वर उचला." मागचा स्नायू बोटांखाली टणक व्हायला हवा. मग "पंजा खाली वाकवा," तेव्हा पुढचा. एक आवळताना दुसरा सैल राहतो का, आणि सोडल्यावर दोन्ही पूर्ण शांत होतात का, हे जोर किती आहे यापेक्षा महत्त्वाचं. दोन्ही एकदम आवळले जात असतील तर हात उघडायच्या जागी अडून बसतो किंवा हालचालीचा मोड बदलतो. पडद्यावर सिग्नल दाखवून रोज 20 मिनिटांचा सराव दिला तर बहुतेकांना जमतं, स्नायू थकला की मात्र थांबायचं. हीच चाचणी हात खाली सोडून, समोर ताणून आणि डोक्यावर नेऊनही घ्या. टेबलावर झकास चालणारा हात वरच्या फळीवरचा डबा घेताना फसतो. हाताची स्थिती बदलली की स्नायू इलेक्ट्रोडखाली सरकतो, शिवाय वजनाने सॉकेट ओढलं जातं.

निधीतून येणारा हात परदेशात वापरलेला असेल तर इलेक्ट्रोड तपासा. ते 50 आणि 60 हर्ट्झ असे वेगळे येतात, घरातल्या विजेचा गोंगाट गाळण्यासाठी. अमेरिकेतला 60 चा इलेक्ट्रोड आपल्याकडे मोटारपंप किंवा ट्यूबलाइटजवळ हात आपोआप हलवू शकतो.

मृद्गंध:
खूप उपयोग झाला, सर. स्नायूंची चाचणी उद्याच घेते. पण गोठ्यातलं काम? शेण, पाणी, धार?

सॉकेट_कारागीर:
गोठ्यासाठी हुकच. नेहमीचे मायो हात पाणी आणि चिखल सहन करत नाहीत, आणि वरचा पीव्हीसीचा हातमोजा हळद, शाई, शेण यांचे डाग कायमचे धरतो. सिलिकॉनचा मोजा पुसून निघतो, पण उसाच्या पाचटाने पटकन फाटतो. हुकला अजून एक गुण आहे, केबलची ओढ खांद्याला जाणवते, त्यामुळे किती उघडलं हे न बघताही कळतं. धार डाव्या हातानेच काढावी लागेल. उजवा हुक बादली धरेल, पेंढी दाबेल, दोरी अडकवेल, खुरप्याच्या वेळी तण बाजूला करेल. कडबाकुट्टीजवळ मात्र हार्नेस (केबल ओढणारे खांद्यावरचे पट्टे) घालून जाऊच द्यायचं नाही, पट्टा किंवा केबल ओढली गेली तर पूर्ण खांदा आत खेचला जाईल. मोटरसायकलचं ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजवीकडे, म्हणून गाडीत बदल आणि आरटीओची नोंद झाल्याशिवाय नाही.

हुकची पकड रबर बँडवर असते. 2 बँडपासून सुरुवात करा, दर आठवड्याला एक वाढवा. घरच्यांच्या आग्रहाने पहिल्याच दिवशी 6 चढवले की काखेत पट्टा रुततो आणि चौथ्या दिवशी हात खुंटीला. तेल आणि उन्हाने बँड चिरतात, जास्तीची जोडी घरी ठेवा.

हात ताब्यात घेताना तीन तपासण्या करा.
एक, स्प्रिंगचा तराजू. हुकला लावून तो उघडायला किती किलो लागतात ते बघा, मग केबलच्या हार्नेसकडच्या टोकाला लावून बघा. पहिला आकडा भागिले दुसरा, निदान 80 टक्के हवा. हुकला 4 आणि हार्नेसला 5, ठीक. हार्नेसला 8 निघाले तर अर्धी ताकद घर्षणात जाते आहे. बहुतेक वेळा केबलची नळी कोपराजवळ तीव्र वळलेली असते किंवा तिची पट्टी चुकीच्या जागी असते.
दोन, हात सरळ खाली सोडून सुमारे 23 किलोने खाली ओढा. सॉकेट 2.5 सेंमीपेक्षा जास्त सरकलं तर परत करा.
तीन, कोपर काटकोनात असताना हुक पूर्ण उघडतो का, आणि तोंडाजवळ व कमरेजवळ नेऊनही पुरेसा उघडतो का. नसेल तर पाठीवरची हार्नेसची कडी बघा. ती मानेच्या खालच्या उंच मणक्याच्या खाली आणि किंचित चांगल्या हाताच्या बाजूला हवी.

मनगटाचा आटाही विचारून घ्या. अमेरिकी हुकला अर्धा इंची, इंचाला 20 आटे असलेला, युरोपीय मनगटाला 12 मिमी. दिसायला जवळजवळ सारखे, पण बसवताना जबरदस्ती केली तर दोन्ही वाया. मनगट जुळलं तर एकाच सॉकेटवर दिवसा हुक आणि लग्नाकार्याला दिखाऊ हात, दोन्ही लावता येतात. घरच्यांसाठी हा मार्ग सुचवून बघा.

हातोपचार:
घालायचा सराव: पहिल्या दिवशी 20 मिनिटं, 3 वेळा. काढल्यावर लालसरपणा 20 मिनिटांत गेला तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास वाढवा. राहिला तर तिथे सॉकेट बोचतंय, घासून घ्यायला पाठवा. कापूस कोंबून चालवू नका.

प्रगती मोजायला बॉक्स अँड ब्लॉक चाचणी पुरते. मध्ये आडवी फळी असलेली पेटी, अडीच सेंमीचे लाकडी ठोकळे, 60 सेकंदांत एकेक उचलून किती पलीकडे टाकले ते मोजायचं. सुताराकडून सहज करून घेता येते. हुक घालून आठवड्यातून एकदा आकडा लिहा. 6 आठवड्यांनी हुक रोज वापरात असेल, आकडा चढता असेल आणि स्नायूंचे दोन सिग्नल वेगळे येत असतील, तर निधीवाल्यांकडे मायोची मागणी घाला. त्या मागणीत दुरुस्ती, बॅटरी आणि हातमोजे यांचा 3 वर्षांचा खर्च लेखी घालून घ्या. हुकसाठी एडिप ही अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना आहे. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढायला लावा. तुमच्याकडे माप घेणारं कोणी नसेल तर मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा संस्था, किंवा पुण्यात वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर. दुसरं सैन्याचं असलं तरी तिथे नागरिकांनाही घेतात. पाठवताना घेराचा तक्ता आणि कोपराचे अंश सोबत द्या.

मृद्गंध:
तात्पुरत्या सॉकेटसाठी सोमवारी बोलावते. घेराचं पान आजच चालू केलं: 5 सेंमीवर 25.5, 10 वर 23, 14 वर 23.5. म्हणजे टोकाला फुगवटा आहेच.

सॉकेट_कारागीर:
हो, 14 चा आकडा 10 च्या खाली यायला हवा. बँडेजचा वरचा वेढा तपासा, दोन बोटं आत सहज जायला हवीत.