कामाच्या वेळी मंद संगीतासाठी स्मार्ट स्पीकर: कोणता घ्यावा?

चिऱ्याचंघर
फोंड्याला घरूनच काम करतो. खोली दहा बाय बाराची, भिंती जुन्या चिऱ्याच्या, वर कौलं. टेबलाजवळ दिवसभर बासरी किंवा सरोद अगदी हळू चालू राहावं, एवढीच गरज आहे. मोठा आवाज कधीच लावणार नाही. फोन अँड्रॉइड. ॲमेझॉनचा इको पॉप, इको डॉट की गूगलचा नेस्ट मिनी? राउटर पलीकडच्या खोलीत आहे.

मंद्रसप्तक
हळू ऐकायचं म्हणजे लहान स्पीकर पुरेल, असा समज असतो. खरं तर उलट आहे. आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज (बेस) सगळ्यात आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मनसन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं. छोट्या स्पीकरमध्ये खर्ज मुळातच कमी, त्यात आवाज हळू. मग सरोदची तार नुसती टणटणते आणि दोन तासांत डोकं शिणतं.

तुम्ही लिहिलेल्या तिघांत मी पाचव्या पिढीचा इको डॉट घेईन. त्यात 44 मिमीचा स्पीकर आहे, नेस्ट मिनीत 40 मिमीचा. पॉपचा आकडा 1.95 इंच, म्हणजे डॉटपेक्षा थोडा मोठाच, पण तो भरीव वाजत नाही. नुसता आकडा पाहून फसू नका, स्पीकरच्या खोक्याची घडणही मोजायची असते. बजेट ताणता येत असेल आणि कुठे मिळाला, तर नेस्ट ऑडिओ पाहा: खर्जासाठी 75 मिमीचा वूफर, उंच सुरांसाठी 19 मिमीचा ट्वीटर. मंद आवाजात फरक लगेच कळतो. होमपॉड मिनीचा विचार नको, तो आयफोन किंवा आयपॅडशिवाय सेटच होत नाही.

आणखी एक. इकोमधल्या अलेक्साला तोंडी सांगताना आवाजाच्या 1 ते 10 पायऱ्या असतात. रात्री 1 कमी आणि 2 जास्त वाटतं, तेव्हा ॲपमधली पट्टी सरकवा, तिथे बारीक फरक करता येतो. नेस्टमधल्या गूगलला थेट "व्हॉल्यूम 12 पर्सेंट" म्हणता येतं.

इक्वलायझरमध्ये, म्हणजे खर्ज-मध्य-उंच सूर कमीजास्त करायच्या सेटिंगमध्ये (अलेक्सात उणे 6 ते अधिक 6) बेस अधिक 2, मिड उणे 1 इथून सुरुवात करा. बेस अधिक 5 वर नेलात तर तंबोरा घुमतो आणि बाकी सगळं त्याखाली दबतं.

वायरमन_म्हापसा
स्पीकर कोणताही घ्या, आधी भिंतीचं बघा. सव्वा-दीड फुटी चिऱ्यातून 5 गिगाहर्ट्झ वाय-फाय फारच क्षीण होऊन पोचतं. चिरा सच्छिद्र असतो. पावसात त्यात पाणी मुरलं की सिग्नल आणखी पडतो. म्हणून मे महिन्यात सुरळीत चाललेलं जुलैत अडखळतं. स्पीकर 2.4 गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर जोडा. राउटर दोन्हींना एकच नाव देत असेल तर नावं वेगळी करा. तरीही तुटत असेल तर दारावरून लॅन केबल आणून खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी पेटी) लावा. नेटचा प्लॅन वाढवून काही होणार नाही: 160 केबीपीएसचं संगीत तासाला फक्त 72 एमबी खातं. अडचण वेगाची नाही, सिग्नल मध्येच तुटण्याची आहे.

वीज गेली की इन्व्हर्टरवर स्पीकरबरोबर राउटरही हवा, नाहीतर नुसता दिवा फिरत बसेल. डॉटचा ॲडॉप्टर 15 वॉटचा आहे, भार नगण्य. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. अर्थिंग नीट नसेल तर स्पाइक गार्डवर विसंबू नका.

चिऱ्याचंघर
दोघांचेही आभार. ठेवायचा कुठे? टेबल भिंतीला टेकून आहे. आणि मीटिंगमध्ये तो मध्येच बोलू लागला तर?

मंद्रसप्तक
भिंतीजवळ ठेवला की खर्ज वाढतो, म्हणजे तुमच्या फायद्याचंच. पण पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला चिकटवला तर कापडी जाळीवर बुरशी येते. वीतभर अंतर ठेवा, आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा. लाकडी टेबल थरथरतं, म्हणून खाली रबरी मॅट हवीच. कानापासून मीटरभर, लॅपटॉपच्या माइकपासून जमेल तितका लांब.

मीटिंगआधी वरचं माइक बंद करायचं बटण दाबा, लाल दिवा लागेल. त्यानंतरही फोनमधून गाणी लावता येतात. एरवी ब्रीफ मोड चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक हुकमाला "ओके" ऐकावं लागत नाही. अॅडॅप्टिव्ह व्हॉल्यूम मात्र बंद. कौलांवर पाऊस कोसळत असला की अलेक्सा उत्तर मोठ्याने देते आणि दचकायला होतं.

अलेक्साशी हिंदी किंवा इंग्रजीतच बोलावं लागतं. रागांची नावं तिला नीट कळत नाहीत. "मारवा" म्हटलं तर भलतंच काही लागेल. फोनवर प्लेलिस्ट करून तिला "वर्क वन" असं सोपं नाव द्या. त्यात फक्त वाद्यं ठेवा. गायिका केसरबाई केरकर लावल्या की हातातलं काम थांबतंच, त्यांना संध्याकाळी निवांत ऐका.