ए-१०२ मधील ताईंचे कार्ड : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०४ : सर्वांना नमस्कार. ताईंच्या वाढदिवसासाठी पुन्हा तेच चकचकीत छापील कार्ड आणायचे ठरत आहे, असे कालच्या निरोपावरून दिसते. जन्मापासून दृष्टी नसलेल्या व्यक्तीच्या हाती गुळगुळीत कागद द्यायचा आणि आतला मजकूर आपणच मोठ्याने वाचून टाळ्या वाजवायच्या, हा प्रकार गेल्या वर्षी मला खटकला होता. यंदा कार्ड हाताने केलेले आणि ताईंना स्वतः वाचता येईल असे असावे, ही आग्रहाची विनंती.

सचिव : सूचना स्वागतार्ह आहे. मात्र गेल्या वर्षीचे कार्ड समितीने एकमताने निवडले होते, हे नम्रपणे नमूद करतो.

बी-३०४ : त्या एकमतात मला कोणी विचारले नव्हते, हेही तितक्याच नम्रपणे नमूद करते.

सी-२०१ : ब्रेलचे ठिपके चांगले टिकलीएवढे असावेत, म्हणजे ताईंना सहज कळतील.

ए-४०५ : काका, तसे केल्यास ताईंना काहीच वाचता येणार नाही. ब्रेलचे अक्षर दोन उभ्या रांगांतल्या सहा जागांत बसते आणि ते एका बोटाच्या टोकाखाली एकदम मावावे लागते, म्हणून शेजारच्या दोन ठिपक्यांत जेमतेम अडीच मिलिमीटर अंतर असते. फ्रान्सच्या शार्ल बार्बिये यांनी त्याआधी काढलेल्या उठावदार ठिपक्यांच्या लिपीत एका खुणेला बारापर्यंत ठिपके असल्याने बोट वरखाली फिरवावे लागे. लुई ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते सहावर आणले.

डी-१०३ : पंधराव्या वर्षी त्यांनी निम्मे ठिपके कमी केले, आम्हांला अजून सभेचे इतिवृत्त निम्मे करता आलेले नाही.

सचिव : इतिवृत्ताचा विषय कृपया येथे नको.

ए-४०५ : माझ्याकडे शाळेतली स्लेट (कागद मध्ये धरणारी, खिडक्यांची दुहेरी पट्टी) आणि स्टायलस (टोचणी) आहे. जाड कागदाच्या मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे, अक्षरे उलटी टोचत जावी लागतात; कागद उलटला की ठिपके वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. मराठी ब्रेलमध्ये उकार, वेलांटी अक्षराच्या पुढे स्वतंत्र खुणेने येतात आणि हलन्ताची खूण अर्ध्या अक्षराच्या आधी येते, त्यामुळे ‘शुभेच्छा’ हा शब्दच बरीच जागा घेतो. चाळीस घरांची नावे मावणार नाहीत. ‘सर्व शेजारी’ एवढेच लिहावे.

सी-२०१ : नावे नसली तरी चालेल, पण ठिपके टिकलीएवढे असावेत.

बी-३०४ : काका, वरचा संदेश कृपया वाचावा. मुलांनी चमकी आणि मोती आणून ठेवले आहेत. ते चालतील का?

ए-४०५ : चमकी अजिबात नको. तिचे कण सुटून ठिपक्यांत अडकतात आणि बोटाला नसलेला ठिपका लागतो. एकमेकांमागे डोकावणारी फुले हेही डोळ्यांचे चित्र आहे, बोटांना तो नुसता गुंता वाटतो. ताई कीबोर्ड वाजवतात, तेव्हा पुठ्ठ्याच्या उंच काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत चिकटवाव्यात; त्या गटांवरूनच त्या रोज स्वर शोधतात, त्यामुळे हात फिरवताच चित्र ओळखतील. पट्ट्या मात्र मजकूर टोचून झाल्यावरच लावाव्यात, नाहीतर स्लेट नीट मिटत नाही.

बी-३०४ : उत्तम. आणि तयार कार्ड कार्यालयात फायलींच्या ढिगाखाली ठेवू नये. मागच्या वेळचे तिथूनच चुरगळून बाहेर आले होते.

सचिव : त्या फायली सभासदांच्याच तक्रारींच्या आहेत.

डी-१०३ : तक्रारींचे वजन पेलण्याइतका जाड कागद मिळत नाही.

ए-४०५ : विनोद बाजूला ठेवला तरी दाबाने ठिपके बसतात, हे खरे आहे. कार्ड उभ्या, रिकाम्या खोक्यात ठेवावे. माझी एक जुनी, ब्रेल वाचणारी विद्यार्थिनी शनिवारी येणार आहे, तिच्याकडून मजकूर वाचून घेऊ. एखादा ठिपका चुकला तर वेगळेच अक्षर होते आणि ते आपल्यापैकी कोणाच्याही लक्षात येणार नाही.

सचिव : मान्य. दोन जादा कागद आणावेत आणि पावती माझ्याकडे द्यावी.