प्रतिसाद : 'अनाथ' ठरवण्याची घाई नको

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की भूकंपानंतर मिशनने (चर्चच्या सेवासंस्थेने) एकटी सापडलेली मुलं लगेच सुरक्षित ठिकाणी हलवावीत. कॅरिबियनमधल्या हैती देशात नेमकं तिथेच फसलं. १२ जानेवारी २०१० ला ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, आणि महिनाअखेरीस अमेरिकन बाप्टिस्ट गटाचे दहा जण ३३ मुलांसह शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर अडवले गेले. हेतू चांगला असेलही, पण कागद नव्हते आणि मुलांचे पालक जिवंत निघाले.

छावणीत मूल आलं की आधी नोंद, आंघोळ नंतर. अंगावरच्या कपड्यांतच फोटो काढायचा, कपडे धुऊन पिशवीत जपायचे. आई पुष्कळदा फ्रॉकवरूनच ओळखते. कुठे सापडलं, कुणी आणलं, शाळा-चर्च कुठलं, सगळं लिहायचं. तीन-चार वर्षांच्या मुलाला आडनाव विचारून उपयोग नसतो. घरी काय म्हणून हाक मारतात, ते विचारा. भावंडांची ताटातूट करू नका. मूल दुसऱ्या छावणीत गेलं आणि नोंद मागेच राहिली, की शोध तिथेच तुटतो.

न्यायला आलेल्याला फोटो आधी दाखवायचा नाही. खुणा त्याने सांगायच्या, मग पडताळायच्या.

आणखी एक: जेवण फक्त अनाथालयात मिळालं तर आईबाप स्वतःच मुलं आणून सोडतात. शिधा घरी द्या, बरीचशी गर्दी होणारच नाही. आपल्याकडे भारतात पालकांविना मूल सापडलं तर २४ तासांत १०९८ या बाल हेल्पलाइनवर किंवा बाल कल्याण समितीला कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, संस्था चर्चची असो वा कुणाचीही.