५ वर्षांच्या लेकीला "सगळं मिळत नसतं" हे कसं समजवायचं?

रंकाळाकाठ:
रविवारी संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर जातो. गेल्या गेल्या फुगा, मग गोळा, मग पाळणा, मग भेळ, आणि एकाला नाही म्हटलं की तिथंच फतकल मारून रडणं. मी "पैसे संपले" म्हणायचे तर परवा म्हणते, "मग फोननं दे की!" तिचं तरी काय चुकलं, तिनं पैसे कधी बघितलेच नाहीत, मोबाईल समोर धरला की वस्तू हातात, तिच्या लेखी फोनमधले पैसे संपतच नाहीत. आपल्याकडं काही नाही अशी भीती मला तिच्या मनात घालायची नाही, पण एक घेतलं की दुसरं सोडावं लागतं एवढं ह्या वयात कळतं का? कुणी करून बघितलंय का काही?

दोन पोरांचा बाप:
कळतंय ताई, पण नुसतं बोलून नाही. थोरला ६ चा असताना मी त्याला दहाची पाच नाणी द्यायला लागलो, नोट नाही, नाणीच, खिशात वाजली पाहिजेत. घरातनं निघतानाच सांगायचं, आज एवढेच, कशाला घालवायचे तू ठरव. पहिल्याच दिवशी ४० ची लाईटवाली भिंगरी घेतली, ती घरी पोचायच्या आत मोडली, आणि गोळ्याच्या गाडीपुढं हातात एकच नाणं, गोळा २० चा. लई रडला. माझा हात खिशात गेलावता, बायकोनं धरला. तिथं वरचे दहा दिले असते तर सगळं पाण्यात गेलं असतं. पुढच्या रविवारी भिंगरी हातात घेतली, फिरवून बघितली आणि ठेवून दिली. आजोबांना मात्र आधीच बाजूला घेऊन सांगा, ते मागनं गुपचूप घेऊन देतात.

कॉमर्सची मॅडम:
मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. रॉबिन्स ह्या अर्थतज्ज्ञानं १९३२ मध्ये केलेली अर्थशास्त्राची व्याख्या मुलं पाठ करतात, गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, आणि त्या साधनांचे उपयोग अनेक. तुमच्या लेकीला ह्यातलं शेवटचंच कळायला हवंय, ते नाणं फुग्याचं होईल नाहीतर गोळ्याचं. म्हणून "संपले" असं खोटं सांगू नका, "आहेत, पण ते दुधाचे आणि फीचे आहेत" म्हणा. आणि घेतल्यावर विचारा, ह्याच्यासाठी काय सोडलंस? बारावीत आम्ही ह्यालाच वैकल्पिक खर्च म्हणतो.

अजून एक, "पुढच्या रविवारी घेऊ" म्हणालात तर घ्याच. अमेरिकेत रॉचेस्टरला २८ लहान मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये छापून आला, निम्म्यांना आधी चांगले रंग आणून देतो म्हणून खरंच आणून दिले, निम्म्यांना कबूल करून दिलेच नाहीत. मग सगळ्यांपुढं एकेक गोड गोळी ठेवली, थांबलात तर दुसरी मिळेल म्हणून. ज्यांना दिलेला शब्द पाळला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली ३ मिनिटं. मुलं थांबत नाहीत तेव्हा कधीकधी त्यांचा आपल्यावर विश्वास नसतो हो.

शाहूपुरीची काकू:
फक्त पैशानंच शिकवायचं असं कुठाय. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलीवती, चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, उपसा केंद्रंच बुडालीवती. टँकरच्या रांगेत उभं राहून दोन कळश्या मिळायच्या. नातू ७ चा, त्यालाच विचारायची, बाबा ह्यातलं प्यायला किती, भांड्याला किती, आंघोळ करायची का? त्यानं स्वतःच आंघोळ काढून टाकली आणि एक तांब्या शेजारच्या आजींना ठेवला. तो तांब्या आम्ही कुणी सांगितला नव्हता. वेळ आली की पोरांना खरं सांगावं, ती ऐकतात.

रंकाळाकाठ:
काल चार नाणी देऊन बघितली. फुगा आणि पाळणा घेतला, भेळेच्या गाडीपाशी थांबली, तळहात उघडून बघितला, ओठ थरथरले पण बसली नाही खाली. घरी येताना विचारलं काय सोडलंस, तर म्हणाली "भेळ. पुढच्या वेळी फुगा सोडणार." सासऱ्यांशी बोलणं अजून राहिलंय, ते आज करते.