बशीच्या तळाला चेंगहुआचा शिक्का, म्हणजे खरंच मिंग काळातली का?

निळाई: मंडळी, जुन्या सामानात एक निळी-पांढरी चिनी बशी सापडलीये. तळाला दोन निळ्या वर्तुळांत सहा अक्षरं आहेत, जुळवून बघितली तर मिंग घराण्यातल्या चेंगहुआ सम्राटाचा शिक्का निघाला, म्हणजे १४६५ ते १४८७. एवढी जुनी असू शकते का? टवका कुठेच नाही, कडेला एक बारीक चीर आहे फक्त. कशावरून ठरवायचं?

जुनंपानं: शिक्क्यावरून काळ ठरवू नका प्लीज, तो सगळ्यात शेवटी बघायचा. चेंगहुआच्या भांड्यांना पुढे इतका मान मिळाला की नंतरचे कारागीर आदराने तीच अक्षरं घालायचे, आणि त्यात १६७७ला जिंगदेझेनच्या (चिनी मातीच्या भांड्यांचं मुख्य गाव) अधिकाऱ्याने भांड्यांवर तेव्हाच्या कांगशी सम्राटाचं नाव लिहायलाच बंदी केली, भांडं फुटलं तर नावाचा अपमान नको म्हणून, मग कुणी नुसती रिकामी वर्तुळं काढली तर कुणी चेंगहुआ लिहून मोकळे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर कांगशीचा शिक्काही नव्या मालावर सर्रास दिसतो. त्यामुळे तुमची बशी कांगशी काळातली (१६६२ ते १७२२) निघाली तरी खूप झालं, त्या काळातली भांडी काही कमी सुंदर नसतात! आधी बशी पालथी करा आणि तळाच्या कडेवर जिथे ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) नाही तिथे बोट फिरवा, कशी तासलीये, माती किती बारीक आहे ते बघा.

भिंगवाला: +१. निळ्या रंगाकडेही बघा. हा निळा रंग म्हणजे कोबाल्ट, तो कच्च्या भांड्यावर रंगवतात, वरून ग्लेझ देऊन साधारण १३०० डिग्रीला भाजतात, म्हणून रंग ग्लेझच्या खाली दिसायला हवा. कांगशीच्या चांगल्या कामात एकाच निळ्याच्या फिक्या-गडद छटा एकावर एक चढवलेल्या असतात. भिंगातून सगळीकडे एकसारखे छापील ठिपके दिसले तर विषयच संपला, ती हाताने रंगवलेली नाही. सुरुवातीच्या मिंग कामात कोबाल्ट जिथे साचतो तिथे काळपट डाग पडतात, पण पुढे नक्कल करणाऱ्यांनी ते डाग ब्रशने मुद्दाम टिंबं देऊन काढलेत, तेव्हा डाग दिसले म्हणून लगेच खूश होऊ नका.

निळाई: बापरे, हे माहीतच नव्हतं. चिरेत मळ आहे, धुऊन काढू का?

जुनंपानं: ब्लीच अजिबात नको, गरम पाणीही नको, चीर वाढू शकते. आणि यूव्ही टॉर्च मिळाला तर अंधारात कडेवर मारून बघा, जुनी डागडुजी असेल तर तेवढा भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो. तळाचा फोटो टाका, उजेड तिरपा ठेवून.