अर्ली बर्ड : २४० दूरध्वनी किंवा एकच दूरचित्रवाणी, हे गणित कसे?

प्रश्न

६ एप्रिल १९६५ रोजी अवकाशात गेलेल्या ‘अर्ली बर्ड’ या इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-दळणवळण संघटनेच्या पहिल्या भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहाविषयी एक वाक्य सगळीकडे आढळते : २४० दूरध्वनी संभाषणे किंवा एक दूरचित्रवाणी वाहिनी. दर संभाषणाला ४ किलोहर्ट्झची बँडविड्थ (कंप्रतेचा पट्टा) धरली, तर २४० संभाषणे मिळून जेमतेम १ मेगाहर्ट्झ होतात. चित्राला मात्र ४ ते ५ मेगाहर्ट्झ लागतात. मग चित्र पेलणाऱ्या उपग्रहावर हजारभर संभाषणे का बसू नयेत? आणि चित्र चालू असताना निदान थोडी संभाषणे का राखता येत नव्हती?

प्रतिसाद १

आपला गुणाकार बरोबर आहे, पण तो जमिनीवरच्या केबलचा आहे. उपग्रहाकडे जाणारा संदेश एफएम पद्धतीने (संदेशानुसार कंप्रता बदलून) वाहक लहरीवर, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरीवर, चढवला जाई, आणि ही पद्धत बँडविड्थ खर्चून शक्ती वाचवते. अर्ली बर्डच्या प्रत्येक ट्रान्सपॉन्डरला (संदेश घेऊन परत पृथ्वीकडे पाठवणाऱ्या यंत्रणेला) २५ मेगाहर्ट्झ उपलब्ध होते. दूरध्वनीचा १ मेगाहर्ट्झचा गठ्ठा या जागेत ऐसपैस पसरता येतो, त्यामुळे ग्रहण केलेला संदेश क्षीण असूनही खरखर बरीच कमी होते; चित्राला तेवढे पसरायला जागाच उरत नाही. मात्र चित्रातील बारीक दाणेदार गोंगाट डोळा खपवून घेतो, तर महासागरापार जाणाऱ्या दूरध्वनीच्या गोंगाटाची मर्यादा कडक असे. हजार संभाषणे कोंबली असती, तर त्यांचा पसारा आखडावा लागला असता आणि प्रत्येकाच्या कानात खरखर गेली असती.

प्रतिसाद २

वरील खुलाशात मुळातली अडचण राहिली : शक्ती इतकी अपुरी का होती? उपग्रहाचे वजन कक्षेत चाळीस किलोच्या आत, आकार घरातल्या पाण्याच्या पिंपाएवढा, व्यास सुमारे ७२ सेंटिमीटर. पिंपाच्या अंगावर बसवलेल्या सौरघटांवर सगळी भिस्त होती आणि संदेश पृथ्वीकडे पाठवणारी प्रक्षेपण नलिका होती ६ वॅटची. ती वीजसुद्धा बरीचशी वाया जाई, कारण स्थिरतेसाठी पिंप स्वतःभोवती गरगर फिरत असे आणि अँटेना त्याच्याबरोबर फिरत असल्यामुळे लहरी चहूकडे फेकल्या जात. भूस्थिर कक्षेच्या उंचीवरून पृथ्वी फक्त सुमारे १७ अंशांची दिसते. हात लांब करून दोन मुठी शेजारी धरा. पृथ्वी त्याहूनही थोडी लहान. उरलेला घेर रिकाम्या अवकाशाला जाई, म्हणूनच जमिनीवर २५-३० मीटरच्या थाळ्या उभाराव्या लागल्या.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ट्रान्सपॉन्डरच्या रचनेत आहे. आत आलेल्या संदेशाचे शेंडे छाटून ठरावीक पातळीवर पाठवणारा प्रवर्धक (संदेशाची शक्ती वाढवणारा भाग) त्यात होता. त्यात दोन वाहक लहरी एकदम सोडल्या, तर त्यांच्या मिश्रणातून नको असलेल्या लहरी उपजतात आणि बलवान लहर दुबळीला दाबते. याच कारणाने अमेरिकेतील अँडोव्हरच्या भूकेंद्राशी एका वेळी युरोपातील एकच केंद्र बोलू शके, आणि इंग्लंडमधील गूनहिली, फ्रान्समधील प्लुमर-बोदू व जर्मनीतील रायस्टिंग यांना पाळ्या लावून घ्याव्या लागत. माझ्या मते खरी उणीव ही होती, २४० हा आकडा नव्हे.

प्रश्नकर्ता

आभार. मी तारेचा हिशेब आकाशाला लावत होतो. पण नारायणगावाजवळच्या आर्वीच्या उपग्रह भूकेंद्रालाही अशाच पाळ्या लावाव्या लागत होत्या का?

प्रतिसाद २

नाही. आर्वी सुरू झाली १९७१ मध्ये, आणि तोवर हिंदी महासागरावर इंटेलसॅट-३ मालिकेतील उपग्रह आला होता. त्यात पिंप फिरत राही, पण अँटेना उलट दिशेने फिरवून पृथ्वीकडेच रोखलेली असे. शिवाय अनेक केंद्रे एकाच वेळी तो वापरू शकत. थाळी मात्र आर्वीलाही सुमारे ३० मीटरचीच लागली.