मदत हवी आहे: गावातल्या मराठी शाळेचं बातमीपत्र काढायचंय, सुरुवात कुठून करावी?

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. सरकारी मराठी शाळा आहे, पहिली ते सातवी. मी तिथल्या एसडीएमसीत, म्हणजे सुधारणा समितीत, पालक सदस्य आहे. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

शाळेचा पट दरवर्षी थोडा थोडा उतरतोय. सकाळी इंग्रजी माध्यमाच्या व्हॅन येतात आणि पोरं भरून घेऊन जातात. पालकांना विचारलं तर म्हणतात, तिथं इंग्रजी आहे. अहो, आपल्या सरकारी शाळेत २००७ पासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे की! अर्ध्या गावाला हे माहीतच नाही. दूध मिळतं, अंडी-केळी मिळतात हे ठाऊक आहे, पण वर्गात काय चालतं ते कुणाला ठाऊक नाही. शाळेची बातमी गावात पोचते ती छप्पर गळलं की, नाहीतर शिक्षकाची बदली झाली की. पाचवीतल्या पोरीनं प्रतिभा कारंजीत, म्हणजे सरकारी शालेय कलास्पर्धेत, बक्षीस आणलं, ते तिच्या गल्लीच्या बाहेर गेलं नाही.

दुसरं दुखणं परिपत्रकांचं. वरून येतं ते सगळं कानडीत. बाई वाचून सांगतात, पण त्या दिवशी शाळेत जो पालक येईल त्यालाच कळतं. शिष्यवृत्तीला कास्ट-इन्कम, म्हणजे जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी नाड कचेरीला, म्हणजे महसूल खात्याच्या कार्यालयात, जावं लागतं, आणि बायकांना हे कळतं शेवटच्या दिवशी. तेव्हा नेमकी रोप लावणी चालू असते. चिखलातनं उठून कोण जाणार?

म्हणून महिन्याला एक पान काढावं असं आम्हा तीन-चार पालकांच्या आणि बाईंच्या मनात आहे. पण परवानगी कुणाची घ्यायची? छापायचं की हातानं लिहायचं? मुलांचे फोटो घालावेत का? कानडीत पण काही द्यावं का? यावरनं समितीत आत्ताच दोन तट पडलेत. पैशाचं काय? कुणी असं केलं असेल तर सविस्तर सांगा.

निपाणीचे गुरुजी:

ताई, मी सरकारी मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, म्हणून परवानगीपासून सुरू करतो, कारण गाडी तिथंच अडते. समितीच्या बैठकीत ठराव करा. मुख्याध्यापिका समितीच्या सचिव असतातच, त्यांनी तो इतिवृत्तात लिहावा. मग ठरावाची प्रत सीआरपींमार्फत (आपल्या शाळांच्या गटाचे समन्वयक) बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, कार्यालयात ‘माहितीसाठी सादर’ म्हणून द्या आणि पोच घ्या. ‘परवानगी मिळावी’ असा अर्ज करू नका. परवानगी मागितली की कुणाला तरी ती द्यावी लागते, आणि देणाऱ्याला आधी वरच्याला विचारावं लागतं. कागद टेबलावर राहतो, तुमचं वर्ष जातं.

समितीला हे करायचा अधिकार आहे का, असं कुणी विचारलंच तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं एकविसावं कलम दाखवा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, समितीनं शाळेच्या कामावर देखरेख ठेवावी, असं त्यात आहे. पालकांना शाळेत काय चाललंय ते सांगणं यात बसतं.

छपाईच्या मागे मात्र लागू नका. आमच्या वेळी प्रत्येक शाळेत हस्तलिखित निघायचं. एक मोठा ड्रॉइंगचा कागद, चार मुलं, झालं. भिंतीवर लावा, मोबाईलवर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाका. छापलेलं पान घरात गेलं की भाकरीखाली जातं. भिंतीवरचं येणारा-जाणारा वाचतो. आणि ते शाळेच्या भिंतीवर लावू नका! शाळेत येणाऱ्याला शाळा माहीतच असते. डेअरीवर लावा.

कागद-शाई:

बेळगावात डीटीपीचं काम करतो. गुरुजी म्हणतात त्याला माझा धंदा बुडाला तरी दुजोरा. मासिक छापून विकायचं, बाहेरच्या बातम्या घालायच्या, तर नियतकालिकाच्या नोंदणीचा विषय निघतो. १८६७ चा कायदा गेला, त्याच्या जागी २०२३ चा नवा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू आहे. हातानं लिहून भिंतीवर लावलेल्या कागदाला यातलं काही लागत नाही.

वर्षातनं एकदा, शाळेच्या संमेलनाला, निवडक मजकूर एकत्र करून छोटी पुस्तिका छापायची असेल तर दोन गोष्टी. मजकूर मोबाईलवर टाईप करून पाठवला की जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘विद्यार्थी’चं काहीतरी भलतंच होतं. आमच्यासारख्याला आधीच सांगा, युनिकोड फॉन्टमध्येच लावा म्हणून. आणि ग्रुपवरनं आलेला फोटो छपाईत अस्पष्ट येतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

भिंतीवरच्या कागदाला स्केचपेन वापरू नका. तुमच्याकडं जूनपासनं दमट हवा, अक्षर पसरून सगळं निळं होतं. बॉलपेन वापरा, मथळ्याला परमनंट मार्कर.

वडाचा पार:

राग मानू नका, पण बातमीपत्रानं पट वाढत नसतो. आमच्या गावात दोन वर्ग एकत्र बसतात, कायम शिक्षक कमी, अतिथी शिक्षकावर गाडा चालतो. पालक खुळे नाहीत. ते व्हॅन बघून नाही, शिक्षक मोजून निर्णय घेतात. आधी शिक्षक मागा, मग पानं रंगवा.

मलप्रभाकाठ:

दादा, शिक्षक मागणं चालूच आहे, निवेदनं देऊन झाली. पण निवेदन द्यायला पण माणसं लागतात ना? ज्यांची पोरं शाळेत नाहीत ते म्हणतात, आमचा काय संबंध. शाळा आपली वाटली तर ते बरोबर येतील. बघू या.

गुरुजी, डेअरीचं डोक्यातच आलं नव्हतं. तिथं सकाळ-संध्याकाळ सगळं गाव उभं असतं. आता ते कानडीचं सांगा. एक जण म्हणतात मराठी शाळेचं पान, शुद्ध मराठीच पाहिजे. दुसरे म्हणतात नुसतं मराठी दिसलं की कुणीतरी तक्रार करणार.

रानवाट:

मी सध्या चिकोडी भागात मराठी शाळेवर आहे. ताई, हा वाद समितीत लढवू नका, मुलांवर सोडा. मुलं कन्नड शिकतातच. ‘या महिन्यात शिकलेली पाच कन्नड वाक्यं’ अशी चौकट त्यांनीच लिहायची. आमच्याकडं कन्नडच्या बाई ती चौकट स्वतः बघतात, त्यामुळं पान त्यांचंही झालं. कुणी बोट ठेवायला जागा राहत नाही आणि मराठीला काही कमीही होत नाही. पहिलं पान लावायला तारीख निवडताना १ नोव्हेंबर तेवढा टाळा. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव आणि इथल्या मराठी संघटनांचा काळा दिवस असतो, सीमाभागात कुणाला सांगायला नको. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, नाहीतर शाळा प्रारंभोत्सव, काहीही चालेल.

खरं महत्त्वाचं आहे ते बातम्या कुणी लिहायच्या हे. मोठ्यांनी लिहिलं की ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन’ सुरू होतं. पोरांना लिहू द्या. आमच्या चौथीतल्या एकानं लिहिलेली बातमी जशीच्या तशी देतो:

‘गुरुवारी शाळेच्या मागं गवा आला. बाईंनी दार लावलं. आम्ही सगळे खिडकीत गेलो. गवा आमच्याकडं बघत होता. मग तो गेला आणि गणिताचा तास सुरू झाला.’

लोक हे वाचून हसतात आणि दुसऱ्याला वाचायला बोलावतात. शुद्धलेखन दुरुस्त करा, पण ‘मागं’चं ‘पाठीमागे’ करू नका. पहिली ते तिसरीच्या नली-कलीच्या (खेळत शिकायच्या पद्धतीच्या) मुलांना चित्र काढू द्या, खाली त्यांच्या हातानं नाव. आपल्या नातवाचं नाव बघायला आजी डेअरीपर्यंत जाते, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आणि समितीत एक नियम आत्ताच करून ठेवा: हार, फीत, भाषण यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की शाळेबद्दल जिव्हाळा अचानक वाढतो आणि प्रत्येकाला फोटोत यायचं असतं.

म्हापशाहून:

खानापूरचाच, पण आता कामानिमित्त गोव्यात. बाहेर राहणाऱ्यांच्या बाजूनं सांगतो. आम्हाला शाळेकडनं मेसेज येतो तो वर्गणीचा. रंग द्यायचाय, पत्रे बदलायचेत, महाप्रसाद आहे. देतो आम्ही, पण शाळेत काय चाललंय ते कुणी सांगत नाही. असं पान दर महिन्याला आलं तर मागायची वेळ येणार नाही, बघा. आमच्या बॅचचे दोघं बेळगावच्या लष्करी मराठा सेंटरमधनं भरती होऊन गेलेत, ते तर गवा आल्याची बातमी पलटणीत वाचून दाखवतील.

माझी एक सूचना. आपल्याकडं शाळेला मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला मोजके दिवस. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे सगळे गावी येतात गणपतीला आणि दिवाळीला. ते दोन अंक जरा मोठे करा. त्यात ‘जुन्या दप्तरातून’ असं एक सदर ठेवा. शाळा जुनी असेल, मुंबई इलाख्याच्या काळातली, तर कपाटात शेरेबुक असणार. इन्स्पेक्टर कधी आला, काय शेरा मारला, हे वाचायला मजा येते. जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर वाचणारा माणूस शोधावा लागेल.

निपाणीचे गुरुजी:

शेरेबुक जरूर. पण जनरल रजिस्टरला हात लावू नका. त्यात प्रत्येकाची जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. अमक्याच्या आजोबांनी तिसरीतून शाळा का सोडली, हे भिंतीवर लावायचा विषय नव्हे. एखाद्या घराला स्वतःहून द्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

फोटोचंही तसंच. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक पालकाची एका कागदावर सही घ्या, ज्यांना नको त्यांचं मूल फोटोत घेऊ नका आणि त्यावरून त्यांना बोलूही नका. ग्रुपवर जाणाऱ्या फोटोत मुलाचं पूर्ण नाव, वर्ग, घरचा पत्ता एकत्र देऊ नका. सगळ्यात बरं म्हणजे मुलांनी काढलेलं चित्र. कुणाची हरकत नसते.

पैसे रोख घेऊ नका. समितीच्या खात्यात घ्या, पावती द्या आणि पानाच्या तळाला जमाखर्च लिहा, मग रक्कम कितीही छोटी असो.

मलप्रभाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंना हा धागा वाचून दाखवला. पुढच्या बैठकीत ठराव घेतोय, तोही ‘माहितीसाठी सादर’ म्हणून. मांडणी अशी ठरवलीय: अर्ध्या पानात मुलांच्या बातम्या आणि चित्रं. उरलेल्या अर्ध्यात वरच्या बाजूला ‘या महिन्यात काय आणायचं’, म्हणजे कुठला दाखला, कुठला फॉर्म, शेवटची तारीख, आणि नाड कचेरीला जाताना बरोबर काय न्यायचं. कानडी परिपत्रकाचा अर्थ बाई सांगणार, मी मराठीत लिहिणार. खाली कन्नड वाक्यांची चौकट. शुद्ध मराठीवाल्या काकांना त्या चौकटीतलं व्याकरण बघायचं काम दिलंय. त्यांचं कन्नड गावात सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, त्यामुळे ते नाही म्हणू शकले नाहीत.

आता एकच अडचण उरली. डेअरीला नुसता पत्र्याचा आडोसा आहे. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस आडवा येतो. कागद तिथं टिकणार कसा?

कागद-शाई:

लॅमिनेशन करू नका, दर महिन्याला खर्च नको. जुन्या खिडकीची काच किंवा पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा लाकडी चौकटीत बसवा, मागनं फळी आणि दोन बिजागऱ्या. कागद आतून बदलता येतो. गावातला सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. वरच्या बाजूला पत्र्याची चार बोटं पट्टी पुढं काढायला सांगा, नाहीतर पाणी काचेच्या कडेनं आत जातं. ॲक्रिलिकचा तुकडा आमच्याकडं कापून उरलेला असतो, बेळगावला आलात तर घेऊन जा. पैसे नकोत. दर महिन्याच्या पानाचा फोटो तेवढा मलाही पाठवा.